हेगच्या कोर्टातली वहिवाट

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरला एक टीप हमखास येते : ‘स्थानिक रूढी’. पाच गुण. उत्तरही ठरलेलं. पोर्तुगाल विरुद्ध भारत, १९६०. फक्त दोन देशांमध्येसुद्धा रूढी तयार होऊ शकते, असं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं. एवढं लिहिलं की गुण मिळतात. गाईडमध्ये या खटल्याला चार ओळी होत्या. मी त्या पाठ केल्या, पेपरात उतरवल्या आणि विसरून गेले.

पूर्ण निकाल वाचला तो नंतर, परीक्षेचं काही काम नसताना. वरोऱ्याहून चंद्रपूरला एसटीने जायचं-यायचं, हातात मोबाइल, आणि न्यायालयाच्या वेबसाइटवर निकालाची पीडीएफ फुकट. एका पानावर फ्रेंच, समोरच्या पानावर इंग्रजी. त्या इंग्रजीत वाचता वाचता एकदम ‘जागीर’ आणि ‘सरंजाम’ हे शब्द समोर आले. मी पान मागे-पुढे केलं. वाचण्यात चूक झाली असं वाटलं. चूक नव्हती. युरोपातल्या एका शहरात पंधरा न्यायाधीश ‘सरंजाम’ म्हणजे नेमकं काय, यावर विचार करत होते, आणि आमच्या गाईडमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता.

हा लेख त्या निकालाबद्दल आहे आणि तो आपल्याला ज्या पद्धतीने शिकवला जातो त्याबद्दलही. एका बाजूने हा निकाल फार चांगला आहे. दुसऱ्या बाजूने त्यात एक मोठी पोकळी आहे. चार ओळींच्या सारांशात दोन्ही दिसत नाहीत.

आधी प्रकरण काय होतं ते. दमण समुद्रकाठी. तिथून आत, जमिनीकडे, दादरा आणि नगर हवेली. ही गावं पोर्तुगीजांच्या ताब्यात, पण चारी बाजूंनी भारत. दमणहून दादऱ्याला जायचं तर भारताच्या हद्दीतून जावं लागे. जुलै १९५४ मध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा घेतलं. पुढे आझाद गोमंतक दल आणि इतर स्वयंसेवक सिल्वासापर्यंत पोचले, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला नगर हवेलीतूनही पोर्तुगीज सत्ता गेली. गायक-संगीतकार सुधीर फडके या लढ्यात होते, हे मराठी घरांमध्ये बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यानंतर भारताने पोर्तुगीजांना आपल्या हद्दीतून जाऊ दिलं नाही.

१४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केल्याचं कळवलं. २२ डिसेंबरला भारतावर खटला दाखल. भारताने आधी अधिकारक्षेत्रावरच हरकती घेतल्या. मूळ प्रश्नावर निकाल लागायला १२ एप्रिल १९६० उजाडलं. महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा १९ दिवस बाकी होते.

पोर्तुगालचं म्हणणं असं : ही गावं आमची आहेत, कारण मराठ्यांनी आम्हाला १७७९ च्या पुणे कराराने आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती दिली. गावं आमची, म्हणून तिथे जाण्याचा हक्कही आमचा. भारताचं एक म्हणणं असं होतं की तो करार मुळात नीट झालेलाच नाही.

इथे न्यायालयाने जे केलं ते मला आजही आवडतं. अठराव्या शतकातला पुण्याचा करार आजच्या युरोपीय रीतीच्या मोजपट्टीने मोजू नका, असं त्याने म्हटलं. त्या काळी, त्या मुलखात करार जसे होत तसा तो झाला. मराठे स्वतः तो बंधनकारक मानत होते, आणि ते पुरेसं आहे. म्हणजे भारताची हरकत फेटाळली गेली, पण ज्या कारणाने फेटाळली त्यात पेशव्यांचा दरबार हा करार करू शकणारा दरबार ठरला. कायद्याचा इतिहास शिकताना आपण जे वाचतो त्याच्या हे उलट आहे. एकोणिसाव्या शतकातले युरोपीय पंडित आशियातल्या राज्यांना या कायद्याच्या घरात शिरूच देत नव्हते. न्यायालयाच्या स्वतःच्या घटनेत, कलम ३८ मध्ये, ‘सुसंस्कृत राष्ट्रांनी मान्य केलेली तत्त्वं’ हे शब्द आजही आहेत.

मग न्यायालय पुढे विचारतं : करार खरा, पण त्याने दिलं काय? कराराच्या सतराव्या कलमाचे वेगवेगळे पाठ समोर होते. त्यातून निघत होतं ते बारा हजार रुपयांच्या महसुलाचं देणं. सनदांमध्ये आणि इतर कागदांत शब्द होते जहागीर आणि सरंजाम. न्यायालयाने मराठ्यांचे दुसरे करार पाहिले. जिथे मुलूख कायमचा तोडून द्यायचा होता तिथे मराठ्यांनी तसे स्पष्ट शब्द वापरले होते. इथे ते नव्हते. म्हणून निष्कर्ष : पोर्तुगीजांना महसूल मिळाला, सार्वभौमत्व नाही. मालक मराठेच राहिले. गावंही त्यांची आणि मधला रस्ताही त्यांचा, म्हणून मराठ्यांच्या काळात ‘जाण्याचा हक्क’ हा प्रश्नच उभा राहत नाही.

सातबारा वाचलेल्या कोणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल. जमीन कोणाच्या नावे, पीक कोण घेतं आणि सारा कोण भरतं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द नीट वाचला नाही तर माणूस जमिनीवरून उठतो. हेगच्या न्यायाधीशांनी शब्द नीट वाचला.

इथे थांबलं तर हा लेख ‘हेगमध्ये मराठी शब्द जिंकला’ म्हणून फॉरवर्ड करता येईल. कृपया करू नका. कारण लगेच पुढच्या परिच्छेदात तो शब्द हरतो.

न्यायालय म्हणतं, पुढे इंग्रज आले. मधल्या मुलखावर मराठ्यांच्या जागी त्यांची सत्ता आली. त्यांनी पाहिलं की पोर्तुगीज या गावांत बसलेत आणि सगळा कारभार एकट्याने करतायत. इंग्रजांनी जे दिसलं ते तसंच राहू दिलं. पोर्तुगीज स्वतःला सार्वभौम म्हणवत होते, इंग्रजांनी वेगळी मान्यता दिली नाही, पण कोणी प्रश्नही विचारला नाही. म्हणून इंग्रजांनी ते सार्वभौमत्व वस्तुतः मान्य केलं, आणि नंतर भारतानेही मूकपणे मान्य केलं, असं न्यायालयाने धरलं.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. मराठ्यांच्या कागदाचं वाचन इतकं काळजीने झालं की एकेका शब्दाचा अर्थ लावला गेला. इंग्रजांच्या गप्प बसण्याला मात्र तशी उलटतपासणी झाली नाही. सरंजामदार वर्षानुवर्षं गावात बसला, नवा मालक गप्प राहिला, म्हणून सरंजामदाराचा राजा झाला. लिहिलेल्या शब्दाने जे दिलं नव्हतं ते एका साम्राज्याच्या गैरलक्षाने देऊन टाकलं. याला कायद्यात आधार नाही असं मी म्हणत नाही. दीर्घ आणि निर्विवाद ताब्यातून हक्क येतो, हे तत्त्व जुनं आहे. पण निकालाच्या एका पानावर आपल्याला सांगितलं जातं की त्या काळचा माणूस काय समजत होता ते महत्त्वाचं, आणि दुसऱ्या पानावर त्या समजुतीला काही किंमत उरत नाही. हा सांधा न्यायालयाने नीट शिवलेला नाही.

आता रूढी. या भागासाठीच निकाल प्रसिद्ध आहे आणि नेमका हाच भाग गाईडमध्ये सगळ्यात परका वाटतो. इंग्रजीतले दोन शब्द, लॅटिनमधला एक, आणि खाली रेघ. खरं तर यासाठी मराठीत एक साधा शब्द आहे, वरोऱ्याच्या तहसील कार्यालयाबाहेर बसलेल्या कुठल्याही माणसाला माहीत असलेला : वहिवाट.

दुसऱ्याच्या धुऱ्यावरून बैलबंडी नेण्याचं भांडण आमच्याकडे दर पावसाळ्याआधी होतं. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारासमोर अडवलेल्या रस्त्याचे अर्ज पडतात. तिथे म्हातारी माणसं साक्ष देतात ती एकाच गोष्टीची : ‘आमच्या बापापासून इथूनच जातो.’ मध्य प्रांताच्या काळापासून आमच्या गावांमध्ये वाजिब-उल-अर्ज नावाचा कागद असतो. गावातल्या रूढी, त्यात रस्त्याचा हक्कसुद्धा, त्यात लिहायच्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये तो आजही आहे. म्हणजे ‘जाण्या-येण्याचा रूढीने मिळालेला हक्क’ ही कल्पना युरोपातून शिकायला येण्याआधी आमच्या तलाठ्याच्या कपाटात होती.

निकालातलं तर्कशास्त्रही धुऱ्यावरचंच आहे. भारताने म्हटलं, फक्त दोन देशांत कसली रूढी? न्यायालयाने विचारलं, दोघांत का नाही? सव्वाशेहून जास्त वर्षं खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल ये-जा करत होता. राज्य इंग्रजांचं गेलं, भारताचं आलं, तरी ते चालू राहिलं. ही वहिवाट आहे. ११ विरुद्ध ४ मतांनी हा हक्क मान्य झाला.

पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं? तिथे चित्र वेगळं होतं. त्यांना जायचं असेल तेव्हा इंग्रजांची परवानगी मागितली जात होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातही एकमेकांच्या हद्दीत सशस्त्र दल नेण्यावर बंधन होतं. परवानगी मागितली, याचाच अर्थ हक्क नव्हता. इथे मतं पडली ८ विरुद्ध ७. एका मताने.

हे वाचताना मला माझ्या आजोबांचं बोलणं आठवलं. ते म्हणायचे, इचारून गेला तं मेहरबानी, न इचारता गेला तं हक्क. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात हेच आहे : वीस वर्षं, उघडपणे, शांततेत, हक्क म्हणून. हेगच्या निकालाचा कणा तोच आहे. आम्हाला हे आधी धुऱ्यावरून सांगितलं असतं आणि मग हेगला नेलं असतं, तर पाच गुणांची टीप पाठ करावी लागली नसती.

तरीही धुरा आणि हेग सारखे नाहीत, आणि माझा दुसरा आक्षेप त्या फरकातून येतो.

न्यायालयाने शेवटी ठरवलं की मुलकी ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, पण तो भारताच्या नियमनाच्या आणि नियंत्रणाच्या अधीन होता. २१-२२ जुलै १९५४ ला दादऱ्यातली पोर्तुगीज सत्ता उलथली, आसपासच्या भारतीय भागात तणाव आला, म्हणून भारताने ये-जा थांबवली. ते नियमनाच्या अधिकारात बसतं. ९ विरुद्ध ६ मतांनी भारताने कोणतंही कर्तव्य मोडलं नाही. म्हणजे हक्क आहे, पण ज्या दिवशी तो हवा होता त्या दिवशी वापरता येणार नव्हता.

एक भारतीय म्हणून या निकालाने मला बरं वाटतं. वसाहतीत सैन्य पाठवायला वाट मिळाली नाही, हे चांगलंच झालं. पण मी गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलांच्या काठावर वाढले आहे, आणि ‘हक्क आहे, पण नियमनाच्या अधीन’ हे वाक्य इथे वेगळ्या आवाजात ऐकू येतं. निस्तार म्हणजे घरापुरतं सरपण, बांबू, चराई. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. पण जंगल राखीव झालं की तीच वहिवाट ‘सवलत’ होते, आणि सवलत काढूनही घेता येते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो द्यायचा अधिकार वनखात्याकडे होता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा त्या हक्काला रस्ता मिळाला. माल आपला पण वाट दुसऱ्याच्या ताब्यात, असला हक्क किती उरतो, हा प्रश्न मेंढ्याने विचारला तसाच पोर्तुगालनेही विचारला होता. एक वसाहतवादी देश आणि एक गोंड गाव यांना मी एका पंगतीत बसवत नाही. पण कायदा वापरत असलेलं वाक्य एकच आहे, आणि ते कोणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. एका ठिकाणी त्या वाक्याने वसाहतीचं सैन्य अडवलं, दुसऱ्या ठिकाणी गावाचा बांबू.

तिसरा आक्षेप सगळ्यात मोठा. या निकालात गावं आहेत, गावातली माणसं नाहीत. दादऱ्यातली सत्ता ‘उलथली गेली’ असं वाक्य आहे. कोणी उलथली ते त्या वाक्यात नाही. पुणे दरबार काय समजत होता, इंग्रज काय समजत होते, पोर्तुगीज काय करत होते, हे सगळं आहे. तिथे राहणारे वारली, धोडिया, कोकणा आदिवासी काय समजत होते, ते कोणत्या वाटेने बाजाराला जात होते आणि कोणाला सारा भरत होते, यावर निकालाचा एकही निष्कर्ष उभा नाही. ‘खासगी व्यक्ती’ या दोन शब्दांत ते सगळे येतात आणि तिथेच संपतात.

याहून विचित्र गोष्ट अशी की १९६० मध्ये हेगला भांडणाऱ्या दोन्ही देशांपैकी एकाचाही कारभार त्या गावांत नव्हता. १९५४ पासून तिथे वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. भारतात औपचारिक विलीनीकरण झालं ते ऑगस्ट १९६१ मध्ये, दहाव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे ज्यांच्या गावाबद्दल खटला, त्यांचं स्वतःचं प्रशासन अस्तित्वात होतं, पण कोर्टात त्याला जागा नव्हती. हेगला फक्त राज्यं पक्षकार होऊ शकतात. कलम ३४ तसं सांगतं. धुऱ्याच्या भांडणात माझे आजोबा स्वतः तहसीलदारासमोर उभे राहू शकत होते. नगर हवेलीतल्या माणसाला ती सोय नव्हती.

ही न्यायाधीशांची चूक आहे का? पूर्णपणे नाही. त्यांना जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्यांनी दिलं. पोर्तुगालने ‘सुसंस्कृत राष्ट्रांच्या’ सामान्य तत्त्वांचाही आधार घेतला होता. न्यायालयाने त्यात न शिरता स्थानिक प्रघातावर निकाल दिला, हा त्याचा संयम मला मोलाचा वाटतो. पण ‘स्थानिक’ म्हणताना ज्याची स्थानिकता मोजली ती दोन सरकारांची होती. स्थानिक रूढी हे नाव ऐकून वाटतं की इथे गाव बोलेल. गाव बोलत नाही. रूढीचा कायदा शिकवताना हा फरक विद्यार्थ्यांसमोर ठेवला नाही, तर आपण एक सुंदर शब्द रिकामा करून शिकवतो.

आता शिकवण्याबद्दल. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय कायदा हा एलएलबीला सक्तीचा विषय आहे. म्हणजे लंडनला शिकायला जाणारी मुलगी आणि वरोऱ्याहून एसटीने जाणारी मुलगी, दोघींच्या समोर तो येतोच. पहिलीला तो करिअर म्हणून दिसतो. दुसरीला अडथळा म्हणून. ‘याचा आपल्याला काय उपयोग?’ हा प्रश्न मी वर्गात ऐकला आहे, घरीही ऐकला आहे. आमच्या गावात वकिलीची सगळ्यांत मोठी गोष्ट ही वकिली सोडण्याची आहे. बाबा आमटे वरोऱ्यात वकिली करत होते, ती सोडून त्यांनी आनंदवन उभं केलं. ही गोष्ट खरी आणि मोठी आहे. पण लहानपणापासून ती ऐकताना कायदा ही चांगल्या माणसाने मागे टाकायची वस्तू आहे, असं मनात बसतं. त्यात आंतरराष्ट्रीय कायदा म्हटलं की हसूच येतं.

त्याला माझं उत्तर हा निकाल आहे. उपयोग नोकरीचा असेल की नाही, मला सांगता येणार नाही. पण हा विषय परक्यांचा नाही, एवढं त्यातून दिसतं. आपल्याच भाषेतल्या कागदांचा अर्थ लावल्याशिवाय त्या न्यायाधीशांना पुढे जाता आलं नाही. ज्याला सनद आणि सरंजाम यांतला फरक कळतो, वहिवाट आणि मेहरबानी यांतला फरक कळतो, त्याला या निकालातलं निम्मं आधीच कळलेलं असतं. उरलेलं निम्मं, म्हणजे गप्प बसण्यालाही कायद्यात अर्थ असतो आणि गावाला कोर्टात आवाज नसतो, हे मात्र शिकावं लागतं. ते चार ओळींत शिकता येत नाही.

त्यामुळे सुचवायचं ते एवढंच : गाईड परीक्षेपुरतं ठेवा, निकाल एकदा स्वतः वाचा. इंग्रजी अवघड जाईल. मलाही गेलं. पुणे करार आणि सनदा यांच्या भागापासून सुरुवात करा, तिथे ओळखीचे शब्द भेटतात. नंतर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्या शेताला रस्ता कुठून आहे आणि कधीपासून. उत्तर देताना ते ‘परवानगी’ म्हणतात की ‘वहिवाट’, तिकडे लक्ष ठेवा. हेगला सात आणि आठ न्यायाधीश वेगळे झाले ते याच फरकावर.